‘मादी बाद’ म्हणण्यापूर्वी

प्राणिगृहातील पैदाशीची वही ज्यांनी चाळली असेल त्यांना तिच्या शेवटच्या रकान्याची भाषा ओळखीची असेल. मादीचा क्रमांक, नराचा क्रमांक, नर सोडल्याची तारीख, व्यायल्याची तारीख, पिलांची संख्या आणि मग शेरा : ‘पिल्ले खाल्ली. मादी बाद.’ चार शब्दांत आरोप, चौकशी, निकाल आणि शिक्षा हे सारे उरकते. औषधनिर्माणशास्त्राची आणि वैद्यकाची जी महाविद्यालये आज पांढरे उंदीर बाळगतात, त्यांच्यापैकी अनेक ठिकाणी या शेऱ्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. मला त्याला हरकत घ्यायची आहे. एकत्र ठेवलेल्या उंदरिणींपैकी एखादीने पिल्ले गमावली, तर प्रथम तपासायचा तो पिंजरा, मग पिंजऱ्याची मांडणी करणारा माणूस, आणि उंदरीण सर्वांत शेवटी, असे माझे मत आहे. हे मत भूतदयेचे वाटेल. ते तसे असले तरी मला लाज नाही. पण त्याहून अधिक ते शास्त्राचे आहे.

आधी नावाचा घोळ निस्तरू. मराठीत ‘उंदीर’ या एकाच शब्दात आपण दोन-तीन निरनिराळे प्राणी कोंबतो. कन्नड विभागातील मित्रांची स्थिती याहून बरी नाही. त्यांची ‘इलि’ही अशीच सर्वांना पुरते, फक्त घुशीला ते ‘हेग्गण’ म्हणून वेगळे काढतात. प्रयोगशाळेतला मोठा पांढरा उंदीर, ज्याला इंग्रजीत रॅट म्हणतात, तो रॅटस नॉर्व्हेजिकस या तपकिरी उंदराचा माणसाळवलेला वंशज. फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत विसाव्या शतकाच्या आरंभी याची जी जात वाढवली गेली तिचे ‘विस्टार’ हे नाव आजही आपल्या प्रबंधांत येते. आपल्या कौलांखाली रात्री धावतो तो बहुधा याचा चुलतभाऊ, रॅटस रॅटस; तो चढण्यात पटाईत, तर तपकिरी उंदीर जमिनीत बिळे करणारा. आणि कपाटामागचा चिमुकला म्हणजे माऊस, तो तर निराळ्याच वंशाचा. हा भेद परीक्षेपुरता नाही. हिल्डा ब्रूस या शास्त्रज्ञ बाईंनी १९५९ मध्ये दाखवले की नुकत्याच फळलेल्या माऊस मादीला परक्या नराचा वास आला तर तिचा गर्भ रुजत नाही. हे सत्य माऊसचे. ते रॅटच्या नावावर खपवलेले मी उत्तरपत्रिकांतच नव्हे तर टिपणांतही पाहिले आहे. पुढे या लेखात ‘उंदीर’ म्हणजे रॅटच समजावा. माऊसबद्दल बोलायचे असेल तेथे तसे म्हणेन.

आता हा प्राणी मोकळा असताना कसा राहतो ते पाहिले पाहिजे, कारण पिंजऱ्यात त्याने केलेल्या प्रत्येक गोष्टीचे मूळ बिळात आहे. तपकिरी उंदीर टोळीने राहतो, पण टोळी म्हणजे जत्रा नव्हे. नात्यातल्या माद्या जवळजवळ बिळे करतात, आणि विण्याची वेळ आली की मादी गवत, कागद, चिंध्या, मिळेल ते ओढून आणून एका कोनाड्यात घरटे रचते. त्या कोनाड्याचे तोंड अरुंद असते. आत कोण येते आणि कोण येत नाही, हे ती ठरवते. ‘समूहात राहणारा प्राणी’ एवढेच आपण पुस्तकातून उचलतो आणि तेवढ्यावर चार माद्या व एक नर एका पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या पेटीत टाकतो. समूह दिला खरा. कोनाडा मात्र दिला नाही.

पैदाशीचे गणित सर्वांना ठाऊक असले तरी थोडक्यात मांडतो. मादी चार-पाच दिवसांनी माजावर येते. गर्भकाळ सुमारे २१ ते २३ दिवस. एका वेताला आठ ते बारा पिल्ले सामान्य, सड बारा. पिल्ले उघडी, आंधळी, बहिरी जन्मतात, डोळे दोन आठवड्यांच्या सुमारास उघडतात, आणि तीन आठवड्यांनी दूध तोडता येते. येथवर ठीक. पण बऱ्याच विद्यार्थ्यांच्या लक्षात राहत नाही ती गोष्ट अशी की व्यायल्यावर एका दिवसाच्या आतच मादी पुन्हा माजावर येते. नर पिंजऱ्यातच असेल तर तो तिच्या मागे लागतो, घरट्यातून धावपळ होते, पिल्ले तुडवली जातात, विखुरतात, गारठतात. आणि मादी पुन्हा गाभण राहिली तर एक वेत पोटात व एक वेत अंगावर अशी तिची दुहेरी ओढ सुरू होते. गंमत अशी की निसर्गाने यावरही उपाय ठेवला आहे : अंगावर पुष्कळ पिल्ले पीत असतील तर पोटातले गर्भ काही दिवस रुजायचे थांबतात आणि दुसरे वेत लांबते. प्राणिगृहाच्या वहीत मात्र हे ‘तारीख चुकली’ म्हणून जाते.

दोन माद्या एकाच पिंजऱ्यात दोन-तीन दिवसांच्या अंतराने व्याल्या तर पुष्कळदा दृश्य फार सुंदर असते. दोघींची पिल्ले एकाच ढिगात येतात, जी मादी घरट्यात असेल ती सर्वांना पाजते, आणि कोणाचे कोण हा प्रश्न आपल्यालाच पडतो, त्यांना नाही. एक पाण्याकडे गेली तर दुसरी ढिगावर असते. उघड्या पिलांना स्वतःची ऊब टिकवता येत नाही, त्यामुळे हा लाभ लहान नव्हे. पण हेच अंतर दोन-अडीच आठवड्यांचे झाले की चित्र पालटते. मोठी पिल्ले आता डोळे उघडून हिंडतात, त्यांना दातही आलेले असतात, आणि भरल्या सडाशी लहानग्यांना ढकलून तीच चिकटतात. आदल्या वेताची टवटवीत, नव्या वेताची पोटे रिकामी. पिलाची कातडी इतकी पातळ असते की पोटातले दूध बाहेरून पांढऱ्या पट्ट्यासारखे दिसते. तो पट्टा नसेल तर पिलू उपाशी आहे. दोन दिवस उपाशी राहिलेले पिलू मरते. मेलेले पिलू मादी खाते. आणि सकाळी वहीत शेरा पडतो.

या ‘खाल्ले’ शब्दाशी जरा थांबू या. उंदीर रात्री जागणारा प्राणी. आपण सकाळी दहाला पिंजरा पाहतो. तिथे एक अर्धे पिलू दिसते. यावरून मादीने ते ‘मारले’ असे आपण ठरवतो. वस्तुतः आपण फक्त ते खाल्लेले पाहिले आहे. मेलेले पिलू खाणे ही बिळातली स्वच्छता आहे : कुजणारे मांस वासाने शत्रू बोलावते, शिवाय विलेल्या मादीला त्या अन्नाची गरजही असते. तेव्हा पिलू उपासाने मेले की गारठून, की जन्मतःच मेलेले होते, की दुसऱ्या मादीने मारले, की खरोखर आईनेच मारले, या पाच शक्यता आहेत आणि वहीत एकच लिहिली जाते. न्यायालयात असा पुरावा क्षणभर टिकणार नाही. विज्ञानाच्या विभागात तो वर्षानुवर्षे टिकतो.

आई पिल्ले मारतच नाही असे मी म्हणत नाही. मारते. पहिल्या दोन-तीन दिवसांत घरटे उसकटले, तुसे बदलली, पिंजरा घासून तिचा सारा वास धुऊन काढला, पाण्याची बाटली रात्रभर रिकामी राहिली, शेजारी परक्या नराचा पिंजरा आणून ठेवला, तर घाबरलेली मादी पिल्ले तोंडात धरून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेऊ लागते. तिला लपवायला जागा हवी असते आणि पेटीला चारही कोपरे सारखेच उघडे. या येरझारांतूनच पुढचा अनर्थ घडतो. आपल्याकडे शनिवार हा प्राणिगृहाच्या सफाईचा दिवस ठरलेला असतो, आणि मादी शुक्रवारी व्याली तर शनिवार काही पुढे सरकत नाही. स्वच्छतेला माझा विरोध नाही. मुतातून सुटणारा अमोनिया फुप्फुसांना वाईटच. पण सफाई विण्याच्या आधी दोन-तीन दिवस करून घेता येते, आणि नंतर काही दिवस फक्त ओला कोपरा काढून बाकीचे तसेच ठेवता येते. यासाठी अनुदान लागत नाही.

उंदरिणीचे आईपण ही जन्मजात, एकदाच बसवलेली कळ आहे, असे समजणाऱ्यांनी जे रोझेनब्लाट यांचे १९६७ चे काम वाचावे. त्यांनी कधी न व्यालेल्या, नराशी संबंध न आलेल्या माद्यांच्या पिंजऱ्यात रोज नवी कोवळी पिल्ले ठेवली. पहिले काही दिवस त्या माद्या पिलांना टाळत. पण साधारण सहाव्या दिवसाच्या सुमारास त्या पिल्ले उचलून घरट्यात आणू लागल्या, चाटू लागल्या, अंगाखाली घेऊन बसू लागल्या. दूध नव्हते तरी. नरांतही हेच घडवता आले. म्हणजे गर्भारपणातले संप्रेरक आईपणाची दारे झटकन उघडतात हे खरे, पण नुसत्या सहवासानेही ती उघडतात. यातून समूहात ठेवण्याविषयी एक व्यावहारिक गोष्ट निघते. पिलांची सवय असलेली जोडीदारीण ही धोका नसून मदत ठरू शकते, आणि पिल्ले कधीच न पाहिलेली नवखी मादी व्यालेलीच्या पिंजऱ्यात ऐन वेळी टाकणे म्हणजे संकट बोलावणे. प्राणी तोच, पिंजरा तोच. फरक ओळखीचा आहे.

आता ज्या प्रयोगाने उंदीर आणि गर्दी यांची सांगड जगाच्या डोक्यात कायमची बसवली, त्याकडे येतो. जॉन कॅल्हून या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४७ मध्ये मेरीलँड राज्यात पाव एकराच्या कुंपणात रानटी तपकिरी उंदीर सोडले. अन्नपाणी मुबलक, शत्रू नाही. जन्माचे प्रमाण पाहता सव्वादोन वर्षांत पाच हजारांपर्यंत प्रौढ उंदीर व्हायला हवे होते. संख्या दीडशेच्या आसपासच थांबली. प्रौढ मरत नव्हते, पिल्ले जगत नव्हती. मग त्याने माणसाळलेले पांढरे उंदीर घेऊन खोलीत प्रयोग मांडले, आणि १९६२ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांचा जो वृत्तांत छापला तो जगभर गाजला. घरटी न बांधणाऱ्या माद्या, वाटेत पिलू टाकून विसरणाऱ्या माद्या, एकाच खाद्यपात्राशी दाटलेले लोंढे. या अवस्थेला त्याने दिलेले नाव मराठीत ‘वर्तनाचे गटार’ असे करता येईल. पिलांच्या मृत्यूचे प्रमाण काही खोल्यांत शेकडा ९६ पर्यंत गेले.

यावरून लोकांनी काढलेला निष्कर्ष एका ओळीचा होता : गर्दी झाली की आई बिघडते. पण मूळ लेख नीट वाचणाऱ्याला त्यात एक वेगळीच गोष्ट सापडते, आणि माझा सारा मुद्दा तिच्यावर उभा आहे. त्या खोलीची मांडणी पाहा. दहा फूट रुंद, चौदा फूट लांब खोली. विजेच्या कुंपणाने तिचे चार भाग केलेले. प्रत्येक भागात अन्न, पाणी, उंचावर कृत्रिम बीळ आणि घरट्यांच्या पेट्या. भागांवरून जायला उतरंडीचे पूल; पण पहिला आणि चौथा भाग मात्र एकमेकांना जोडलेले नाहीत. म्हणजे मधल्या दोन भागांना दोन-दोन वाटा, टोकाच्या दोन भागांना एकेकच. एक वाट असेल तर ती राखता येते. टोकाच्या भागात एखादा जबरदस्त नर पुलाच्या पायथ्याशीच झोपायचा आणि परक्या नराला आत येऊ द्यायचा नाही. त्याच्यामागे मूठभर माद्या शांतपणे घरटी बांधत होत्या, पिल्ले सांभाळत होत्या, आणि त्यांची पिल्ले मधल्या भागांतल्यांपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात जगत होती. सगळे लोंढे मधल्या दोन भागांत. एकच खोली, एकाच जातीचे उंदीर, तेच अन्न, खोलीतली एकूण संख्याही तीच. टोकाला चांगल्या आया आणि मध्ये ‘बिघडलेल्या’.

दुसरी गोष्ट अन्नाची. ज्या खोल्यांत अन्न कडक गोळ्यांच्या रूपात जाळीआड ठेवले होते, तिथे प्रत्येक उंदराला खायला फार वेळ लागे. शेजारी दुसरा उंदीर नेहमीच असे. आणि हळूहळू दुसऱ्याच्या संगतीवाचून खायचेच नाही अशी विकृत सवय लागली. त्यातून तो लोंढा जमला. ज्या खोल्यांत अन्न भुकटीच्या रूपात दिले, तिथे ते चटकन खाऊन होई, आणि तिथे हे गटार तेवढे साचले नाही. पिलांचे मरण तिथेही भयंकर होते, पण शेकडा ९६ ऐवजी ८०. अन्न कोणत्या भांड्यात ठेवले, यासारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीने एवढा फरक पडतो. आपल्या प्राणिगृहात एका पिंजऱ्याला पाण्याची एकच बाटली असते आणि तिची नळी एकाच कोपऱ्यात. दोन व्यालेल्या आणि एक दांडगा नर असतील, तर त्या कोपऱ्यात रात्री काय चालते हे कोणी पाहिले आहे?

कॅल्हूनने पुढे १९६८ मध्ये माऊसवर आणखी मोठा प्रयोग केला. आठ प्राण्यांपासून सुरू झालेली वसाहत बावीसशेपर्यंत वाढली आणि मग पिल्ले जगणेच थांबून ती हळूहळू नष्ट झाली. तो प्रयोग अद्भुतकथेसारखा सांगितला जातो, म्हणून मी त्यावर रेंगाळत नाही. पण या प्रयोगांचे पुढे काय झाले ते आपण भारतीयांनी तरी विसरू नये. तो काळ लोकसंख्येच्या भीतीचा होता. पॉल एर्लिक यांचे १९६८ चे ‘द पॉप्युलेशन बाँब’ हे पुस्तक दिल्लीतल्या एका रात्रीच्या गर्दीच्या वर्णनाने सुरू होते. उंदरांची खोली आणि दिल्लीचा रस्ता एकाच वाक्यात बोलले जाऊ लागले. आणि १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत नसबंदीच्या नावाखाली गरिबांशी जे वर्तन झाले त्यामागेही ‘हे लोक फार झाले आहेत’ हीच नजर होती. तो दोष कॅल्हूनच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. मात्र ‘संख्या वाढली की आई बिघडते’ हे अर्धे वाक्य किती दूरवर जाऊ शकते हे यावरून दिसते. जोनाथन फ्रीडमन या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये माणसांवरील प्रयोगांच्या आधारे म्हटले की दाटी स्वतःहून माणसाला बिघडवत नाही. परिस्थिती जशी असेल तशी ती अधिक तीव्र करते. गिरगावातल्या चाळीत राहिलेल्या कोणालाही हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही. एका मजल्यावर वीस बिऱ्हाडे आणि एक नळ. पण नळाला क्रम होता, बाळंतिणीच्या खोलीला पडदा होता, आणि कोणाचे मूल कोणाच्या ताटात जेवते याचा हिशेब नव्हता. कॅल्हूनच्या मधल्या खोल्यांत पडदा नव्हता.

उंदरांकडे परत येतो. त्यांचे वर्तन वाचायचे म्हणजे काय वाचायचे? सर्वांत मोठी गफलत खेळ आणि भांडण यांत होते. तरुण उंदीर एकमेकांवर झेपावतात, उताणे पाडतात, वर बसतात; नवखा विद्यार्थी घाबरून त्यांना वेगळे करतो. त्या खेळात रोख मानेवर असतो आणि दात लागत नाहीत. खऱ्या भांडणात अंगावरचे केस उभे राहतात, हल्लेखोर बाजू देऊन तिरका सरकतो, आणि चावा पाठीच्या खालच्या भागावर, पुठ्ठ्यावर पडतो; हरणारा म्हणूनच मागच्या पायांवर उभा राहून तोंड समोर ठेवतो आणि पाठ वाचवतो. तेव्हा पाठीवर जखमा दिसल्या की समजावे, पिंजऱ्यात खेळ नाही, दहशत आहे. व्यालेल्या मादीचा हल्ला वेगळाच : तो वेगवान, सूचनेवाचून, आणि पहिल्या आठवडा-दहा दिवसांत सर्वांत जोरदार. ती परक्याला घरट्यापासून हाकलते. याला ‘आक्रमक मादी’ असे नाव देऊन तिलाही बाद करणारे लोक आहेत. म्हणजे पिल्ले राखली तरी बाद आणि गमावली तरी बाद.

शिवाय उंदरांचे बोलणे आपल्याला ऐकूच येत नाही. माणसाचा कान सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंत पोहोचतो. घरट्याबाहेर पडलेले पिलू चाळीस हजारांच्या आसपास हाक मारते आणि आई त्या हाकेच्या रोखाने जाते. भ्यालेला प्रौढ बावीस हजारांच्या आसपास लांब सूर काढतो. खेळातले व मीलनातले चिवचिवणे पन्नास हजारांच्या घरातले. ज्या खोलीला आपण ‘शांत’ म्हणतो ती त्यांच्या लेखी बाजारासारखी असू शकते, आणि आपल्या कानाला न पोहोचणारी एखाद्या यंत्राची शीळ त्यांना रात्रभर छळत असू शकते. पांढऱ्या उंदराचे डोळेही नाजूक. प्रखर दिव्याने त्यांच्या डोळ्यातला पडदा खराब होतो. तरी पिंजऱ्यांची वरची रांग नेमकी नळीच्या दिव्याखाली असते.

यावर काही प्राध्यापक मित्र म्हणतात, ‘अहो, शेवटी ते प्रयोगालाच जायचे आहेत, एवढे लाड कशाला?’ प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो. माँट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की ज्या पिलांना आईने पहिल्या आठवड्यात अधिक चाटले ती मोठेपणी ताणाला कमी भडकतात, आणि जी कमी चाटली गेली ती अधिक. एकीची पिल्ले दुसरीकडे वाढवली तर ती वाढवणाऱ्या आईसारखी निघाली. आता विचार करा. तुमच्या प्रयोगात औषध दिलेल्या गटातली पिल्ले स्वस्थ पिंजऱ्यात वाढलेली, आणि न दिलेल्या गटातली गोंधळलेल्या पिंजऱ्यातली असतील, तर जो फरक आला तो औषधाचा की पहिल्या आठवड्याचा? सांख्यिकीची कोणतीही कसोटी याचे उत्तर देणार नाही, कारण वहीत त्या आठवड्याची नोंदच नाही. ‘लाड’ हा शब्द इथे लागू नाही. प्रयोगाचे उपकरण नीट लावून घेण्याला आपण लाड म्हणत नाही.

या विषयात ज्यांना विचारायला हवे त्यांना आपण विचारत नाही, ही आणखी एक खंत. प्रत्येक प्राणिगृहात एखादे मामा असतात, वीस-वीस वर्षे खाद्य-पाणी करणारे. कोणती मादी शेपूट धरलेली खपवून घेत नाही, कोणत्या दोघी एकत्र सोडल्या की निवांत राहतात, हे त्यांना तोंडपाठ असते. त्यांच्या या माहितीला वहीत रकाना नाही, पीएच. डी. करणारा विद्यार्थी मात्र परदेशी पुस्तकातून तेच शोधून काढतो आणि प्रबंधात लिहितो. मामांना बोलते करावे, आणि त्यांचे म्हणणे तारखेनिशी लिहून ठेवावे. त्यांचेही सगळे खरे असेल असे नाही. शास्त्रज्ञांचेही नसते : एकत्र ठेवलेल्या उंदरिणींचे माजचक्र एकमेकींशी जुळते हा मार्था मॅक्लिंटॉक यांचा १९७८ चा निष्कर्ष कित्येक वर्षे पाठ्यपुस्तकांत होता; पुढे जेफ्री शँक यांनी त्यातील गणितावरच आक्षेप घेतला.

मग करावे काय? एकाच वेताच्या दोन बहिणी, किंवा लहानपणापासून एकत्र वाढलेल्या दोघी, एकत्र ठेवाव्यात. ऐन गाभणपणी परकी आणू नये. दोघी गाभण राहिल्या की नर काढावा. दोघींच्या तारखांत तीन-चार दिवसांहून अधिक अंतर दिसत असेल तर आधी विणारीला विण्यापूर्वी काही दिवस वेगळे करावे, म्हणजे नव्या पिंजऱ्याला तिचा वास लागायला वेळ मिळतो. भाताची तुसे आपल्या भागात हवी तेवढी मिळतात आणि ती ओल शोषायला चांगली, पण त्यांचे घरटे होत नाही. सोबत कोऱ्या कागदाच्या पट्ट्या द्याव्यात. आणि एक आडोसा : मातीचे फुटके मडके उपडे घातले तरी चालेल, फक्त त्याला दार एकच हवे. टोकाच्या खोलीचे सारे रहस्य त्या एका दारात होते. बाटल्या दोन, दोन कोपऱ्यांत. रात्री मंद तांबड्या दिव्यात, जो उंदरांना फारसा दिसत नाही, प्रत्येक विद्यार्थ्याने आपला प्रयोग सुरू करण्यापूर्वी निदान तीन रात्री तास-तासभर बसून नुसते पाहावे आणि पाहिले तेच लिहावे. ‘खाल्ले’ आणि ‘मारले’ हे दोन वेगळे शब्द आहेत एवढे भान ठेवून.

याहून अवघड प्रश्न उरतोच. तीन माद्या एका महिन्यात तीस पिल्ले देतात. पाचव्या आठवड्यापूर्वी नर-मादी वेगळे केले नाहीत तर त्या तिसांतल्याच माद्या गाभण राहू लागतात. महाविद्यालयाला वर्षाकाठी लागणारे उंदीर किती, आणि जन्मणारे किती? जे उरतात त्यांचे काय होते हे बहुतेक वार्षिक अहवालांत नसते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९९८ साली जे नियम झाले, त्यांनी पैदास करणाऱ्या संस्थेला नोंदणी बंधनकारक केली. नोंदणी असलेल्या पैदास केंद्राकडून गरजेपुरते प्राणी विकत घेण्याचा मार्ग आपल्याला मोकळा आहे. पदवीच्या वर्गांसाठी तर जिवंत प्राण्यांवाचून शिकवण्याचे मार्ग आता पुष्कळ आहेत, आणि विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०११ पासून प्राणिशास्त्रातील विच्छेदन कमी करण्याकडेच महाविद्यालयांना वळवले आहे. तेव्हा पैदास चालू ठेवायची असेल तर ती कोणत्या कामासाठी, किती, आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे प्रत्येक विभागाने सत्राच्या आरंभी नीतिसमितीपुढे लेखी मांडावे. आणि नर सोडण्याची तारीख त्यानंतरच वहीत पडावी.